घाटातली 'साईड, साईड!' आणि ताईंचा गुडघा

पळपुट्या (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारचा प्रकार डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबेल.

शर्यतीचं नाव मुद्दाम देत नाही. सह्याद्रीतली एक घाटातली हाफ मॅरेथॉन, एवढं पुरे. अर्धं अंतर चढायचं आणि वळून त्याच रस्त्याने खाली यायचं. म्हणजे आपण अजून चढावर धापा टाकत असतो आणि पुढची मंडळी वरून सुसाट येत असतात. रस्ता एसटी आणि टेम्पो जेमतेम एकमेकांना जागा देतील एवढाच. वर धुकं, कडेला शेवाळ.

माझ्यासोबत आमच्या ग्रुपमधल्या ताई होत्या. वय ५८, बँकेतून व्हीआरएस घेतलेली, पहिलीच हाफ. आठ महिने पहाटे पाचला टेकडीवर हजर असायच्या. माझी दांडी व्हायची, त्यांची नाही.

नवव्या किलोमीटरला एका आंधळ्या वळणावर वरून आवाज आला, "साईड! साईड! ए, साईड!" आम्ही सरकेपर्यंत तो आलाच. डोळ्यांवर काळा गॉगल (धुक्यात!), पोटऱ्यांना स्लीव्ह, मनगटावर ताटलीएवढं घड्याळ. वळण आतून कापत आमच्या बाजूला आला आणि आम्हा दोघांच्या मधून घुसला. घुसताना कोपर असं काही बाहेर काढलं की ताई थेट कठड्यावर. गुडघा फुटला, तळहातात खडी रुतली, हातातली बाटली कठड्यापलीकडे दरीत. आणि हा जाता जाता म्हणतो काय, "चालायचं असेल तर बागेत जा की!"

ताई उठल्या. माझ्या बाटलीतल्या पाण्याने गुडघा धुतला, रुमाल बांधला आणि ३ तास ९ मिनिटांत शर्यत पूर्ण केली.

पुढचा भाग माझा आहे. संपल्यावर उपम्याच्या रांगेजवळ तो दिसला. पदक दातात धरून फोटो काढून घेत होता. मी जाऊन म्हटलं, "अहो, वर तुम्ही एका बाईंना पाडलंत." तर म्हणे, "तुमच्या त्या घोळक्यामुळे माझी पीबी १४ सेकंदांनी गेली." (पीबी म्हणजे पर्सनल बेस्ट, स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ.) सॉरी नाही, कशा आहेत त्या, तेही नाही. मग माझा तोल गेला. काय बोललो ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. बोलता बोलता त्याच्या छातीवरच्या बिबला (नंबरच्या पाटीला) हात घातला, सेफ्टी पिन उघडून माझ्याच अंगठ्यात घुसली. लोकांनी सोडवलं.

आता घरी बसून दोन गोष्टींची लाज वाटतेय. घाटात बोलायचं तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, आणि खाली नको तेवढे फुटले. अशा वेळी तुम्ही काय करता? तक्रार करून काही होतं का?

डोंगरकपारी

+१. ताईंना दंडवत. तुमच्या अंगठ्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत का?

लाल_सायकल

हे पळणाऱ्यांपुरतं नाही. आमच्याकडे ट्रायथलॉनला या, मग बघा.

२०१९ मध्ये गोव्यात मिरामारला पहिली ७०.३ (म्हणजे अर्धी आयर्नमॅन ट्रायथलॉन) झाली. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी पळणं. त्यानंतर आपल्याकडे या खेळाचं वेड चांगलंच वाढलं. मात्र नियम किती जणांनी वाचले देव जाणे. हौशी स्पर्धकांसाठी नियम सरळ आहे: पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर. त्याच्या आत शिरलात तर २५ सेकंदांत पुढे निघायचं, नाहीतर मागे व्हायचं. मोडलात तर ५ मिनिटं दंडाच्या तंबूत उभं राहायचं. कारण पुढच्याच्या आडोशाला वारा लागत नाही, त्याने गाळलेल्या घामावर तुमचा वेग वाढतो.

मागे एका स्पर्धेत (ही कुठली ते सांगत नाही) माझ्यामागे चौघांचं शेपूट लागलं. ४० व्या किलोमीटरपासून जे चिकटले ते सुटेचनात. मागे वळून म्हटलं, "दादा, अंतर ठेवा." उत्तर आलं, "रस्ता तुझ्या बापाचा आहे का?" तेवढ्यात मार्शलच्या मोटरसायकलचा आवाज आला आणि चौघंही बारा-बारा मीटरवर शाळेतल्या कवायतीसारखे उभे! मोटरसायकल पुढे गेली, शेपूट परत चिकटलं. म्हणजे नियम माहीत होता तर.

एक फरक मात्र करायला हवा. पोहायच्या सुरुवातीला लाथा बसतात, कोणाचा हात गॉगलवर येतो, कोणी पाय ओढतं. पहिल्या वेळी मला वाटलं होतं मला बुडवायला बघतायत. तसं नसतं. शेदीडशे माणसं एकाच भोपळ्याकडे निघालेली असतात आणि कोणाला काही दिसत नसतं. (भोपळा म्हणजे पाण्यातला तो नारिंगी बोया.) त्या लाथेवर रागवायचं नसतं. घाटातला कोपर वेगळा.

अवंती_प

जरा उलटी बाजू मांडते, दगड खायच्या तयारीने.

मी सपाटीवर हाफ १ तास ४५ च्या आसपास पळते, म्हणजे घाटात मी त्या 'वरून सुसाट येणाऱ्यांत' असते. उतार म्हणजे फुकटची मजा, असं चढणाऱ्यांना वाटतं. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आपण रेलिंग धरून रडतो ते उतारामुळे, चढामुळे नव्हे. त्या वेगात एकदम थांबता येत नाही, ओल्या डांबरावर तर नाहीच. आणि समोर काय दिसतं? पाच जणींची साखळी, सारख्या रंगाचे टीशर्ट, एक जण आमच्याकडे पाठ करून सेल्फी घेतोय, दोन जणांच्या दोन्ही कानांत बोंडं. 'साईड' ओरडू नको तर काय आरती म्हणू?

शिवाय सुरुवातीच्या रेषेवर बघा. २ तास ४० मिनिटांवाला माणूस फॉर्मवर १ तास ५० लिहितो आणि पुढच्या कप्प्यात उभा राहतो. पहिल्या ५०० मीटरनंतर चालायला लागतो, बरोबर रस्त्याच्या मधोमध. वेळ मोजणारी चिप असते हो! तुमची वेळ तुम्ही सुरुवातीच्या रेषेवरची चटई ओलांडल्यावर सुरू होते, मागे उभं राहिल्याने काही जात नाही. हाही उद्धटपणाच, फक्त आवाज न करता केलेला.

कोपर मारणाऱ्याची बाजू घेत नाहीये. पण धागाकर्त्यांनी एक सांगावं. तुम्ही दोघं डावीकडे एकामागोमाग होतात की शेजारी शेजारी?

पळपुट्या (धागाकर्ता)

दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत.

शेजारी शेजारी. ताई कठड्याकडे, मी रस्त्याच्या जवळजवळ मध्यावर. मी त्यांना गेल्या वर्षी माझी चप्पल कशी तुटली तो किस्सा सांगत होतो, आणि हात हलवल्याशिवाय मला किस्सा सांगता येत नाही. त्याने आतून वळण कापायला नको होतं, कोपर तर नाहीच नाही. पण मी डावीकडे असतो तर त्याला घुसायला ती फट मिळाली नसती. गुडघा मात्र ताईंचा फुटला.

सह्यगिरीचा_गडी

अहो, एवढं काय मनाला लावून घेता. उद्धट लोक सगळीकडे असतात. सिग्नलला असतात, लग्नाच्या पंगतीत असतात. ती स्पेनची गोष्ट आठवा. केनियाचा धावपटू रेषेआधी थांबतो, आणि मागचा त्याला ओलांडून न जाता पुढे ढकलतो...

अवंती_प

@सह्यगिरीचा_गडी, ती गोष्ट व्हॉट्सॲपवर दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक वेळी संवाद वाढलेले असतात. मूळ घटना खरी आहे. डिसेंबर २०१२, नवारा प्रांतातलं बुर्लादा, क्रॉसकंट्री शर्यत. आबेल मुताई संपलं समजून रेषेच्या थोडं अलीकडे थांबला, इवान फर्नांडेझ अनाया मागून आला आणि खाणाखुणा करून त्याला पुढे जायला लावलं, स्वतः दुसरा राहिला. पण ते दोघंही अव्वल धावपटू. आपला विषय वयोगटात ३१२ वा येणाऱ्या माणसाचा आहे. त्याला कसली एवढी घाई असते हे मला खरंच कळत नाही, आणि मी स्वतः त्यातलीच आहे.

पाण्याचं_टेबल

इथे सगळे पळणारे बोलतायत, म्हणून टेबलामागून थोडं.

मी चार वर्षं स्वयंसेवक आहे. चौदाव्या-पंधराव्या किलोमीटरचं टेबल बहुतेक माझ्याकडे असतं. पहाटे साडेतीनला जीपमधून वर सोडतात. बटाटे आदल्या रात्री उकडलेले, फोडी करून वर मीठ, संत्र्याच्या फोडी, खजूर, चिक्कीचे तुकडे, ओआरएसचं पिंप. सोबत कॉलेजची एनएसएसची मुलं, सतरा-अठरा वर्षांची. त्यातल्या निम्म्यांनी मॅरेथॉन आधी कधी बघितलेली नसते.

पहिले वीस-पंचवीस जण काही न घेता जातात, त्यांचा त्रास नाही. शेवटचे दोन-तीनशे जण थांबतात, "बाळा, तुम्ही काही खाल्लं का?" विचारतात. एक काका दरवर्षी खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून मुलांना देतात. त्रास मधल्यांचा. पोडियमच्या आसपासही नाहीत, पण घड्याळावरची नजर हटत नाही.

गेल्या वर्षी आमच्या टेबलावरची मुलगी ग्लास पुढे धरून उभी होती. धावणाऱ्याच्या हातात ग्लास द्यायचा तर हात थोडा मागे न्यावा लागतो, त्याच्या वेगाबरोबर. तिला ते जमत नव्हतं. ग्लास पडला. त्या माणसाने थांबून (बघा, पाण्यासाठी थांबायला वेळ नव्हता, यासाठी होता) टेबलावरचा दुसरा ग्लास उचलला आणि तिच्या तोंडावर फेकला. "झोपायला आलीयेस का?" म्हणाला. मुलगी रडली नाही. ओढणीने तोंड पुसलं, पुढचा ग्लास उचलला, हात मागे न्यायला लागली. मी मात्र पुढचा अर्धा तास थरथरत होतो.

नंबर टिपला होता. आयोजकांना सांगितला. ते म्हणाले, "बघतो." त्याचं पदक तोवर गळ्यात पडलं होतं.

ही मुलगी यंदा आली नाही. बारावी होती, असंही असेल.

लाल_सायकल

वाचून बसलोय. काही सुचत नाही.

कॉम्रेड_एकदाच

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स पळून आलोय, एकदाच, आणि तेवढं पुरे आहे. भारतातून बरेच जण जातात, आपल्या पुण्या-मुंबईतलेही. डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग, कधी चढती तर कधी उतरती, साधारण ८७ ते ९० किलोमीटर. मुदत १२ तास. बारा तास पूर्ण झाले की एक माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ यासाठी, की समोर कोण आहे ते दिसू नये, दया येऊ नये. एक सेकंद उशीर झाला तरी पदक नाही.

इतका कठोर नियम असलेल्या शर्यतीत माणसं कशी वागतात बघा. तिथे 'बस' असते. एक अनुभवी धावपटू झेंडा घेऊन ठरलेल्या गतीने पळतो, मागे शंभर-दीडशे जणांचा जथा. कुठे पळायचं, कुठे चालायचं ते तो सांगतो, गाणी म्हणतात. ७० व्या किलोमीटरनंतर माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. तेव्हा एका अनोळखी बाईने थांबून माझा पाय स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि पंजा दाबून ताणून दिला. तिला स्वतःला मुदत गाठायची होती. नाव विचारायचं राहिलं.

तिथे सगळे संतच असतात असं नाही हां. १९९९ मध्ये याच शर्यतीत दोघा भावांनी वाटेतल्या संडासात कपडे-बूट बदलून आळीपाळीने पळून नववा क्रमांक काढला होता. पकडले गेले ते घड्याळामुळे. एका फोटोत डाव्या हातात, दुसऱ्यात उजव्या.

ब्रेव्हेवाला

अवांतर: आमच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) शर्यतच नसते. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. वेळेत आलात की झालं, क्रमांक लावतच नाहीत. तरी १९८ किमी दुसऱ्याच्या मागे वाऱ्याआड बसून (आमच्याकडे ते चालतं) शेवटच्या दोनात सुसाट निघून 'फर्स्ट फिनिशर' म्हणून फोटो टाकणारे आहेत. कार्डावर शिक्का मारणाऱ्या काकांनी एकाला विचारलं होतं, "पहिले आलात? बरं. चहा घेणार का, का दुसऱ्याची वाट बघणार?"

निवृत्त_मार्शल

तक्रारीबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. काही वर्षं रस्त्यावर झेंडा धरून उभा राहिलो आहे.

घाटात तुम्ही काही बोलला नाहीत यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्या क्षणी पडलेल्या माणसाकडेच बघायचं. पळणाऱ्याच्या मागे ओरडून काही होत नाही, त्याला ऐकूही येत नाही. फक्त बिबचा नंबर, तोही जमला तर शेवटचे तीन आकडे, आणि कितवा किलोमीटर. पुढच्या मार्शलला किंवा पाण्याच्या टेबलाला तिथल्या तिथे सांगायचं. संपल्यावर त्या माणसाकडे जायचं नाही, आयोजकांच्या तंबूत जायचं. तुम्ही बिबला हात घातलात ना, आता तक्रार दोन्हीकडून होऊ शकते.

नियम आहे. जागतिक ॲथलेटिक्सच्या तांत्रिक नियमांनुसार धक्का देणाऱ्याला किंवा वाट अडवणाऱ्याला पंच बाद करू शकतात. आपल्याकडच्या शर्यतींच्या अटींतही 'गैरवर्तन केल्यास बाद' असं वाक्य बहुधा असतं, पण ते वापरायला आयोजक कचरतात, कारण तो माणूस पुढच्या वर्षीचा ग्राहक असतो. पाण्याचं_टेबल यांचा अनुभव वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. लेखी ईमेल करा, फोन नको. फोटोवाल्यांच्या साईटवर बिब नंबर टाकून त्याचे फोटो शोधा, त्यात जागा आणि वेळ दोन्ही कळतात.

मात्र एक घोळ असतो. त्या बिबवर तोच माणूस पळत होता कशावरून? दुखापत झाली, लग्न निघालं, की लोक बिब दुसऱ्याला देतात, विकतातही. देणाऱ्याला वाटतं पैसे वाया जाऊ नयेत. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहायची जागा असते, ती उगाच नाही. एका शर्यतीत घामाने चक्कर येऊन पडलेल्या तरुणाच्या बिबवरून आम्ही घरी फोन लावला. पलीकडची बाई रडायला लागली आणि तिचा नवरा शेजारीच बसून पोहे खात होता!

गावाकडची_वैशाली

रागावू नका, पण तुमच्या शर्यतींच्या रस्त्यावरच आमचं गाव आहे म्हणून लिहिते. त्या दिवशी पहाटेपासून रस्ता बंद. दुधाचा टेम्पो वरच अडकतो. यंदा सासऱ्यांनी किटल्या मोटरसायकलला लावून नेल्या, कडेकडेने, हळू. तरी एक जण अंगावर ओरडला, "आज तरी रस्ता सोडा!" सासरे ७१ वर्षांचे. घरी येऊन मला विचारतात, "आज कसला सण आहे गं?"

आमची पोरं ढोल वाजवतात, टाळ्या देतात, ती मजा आहे. पण त्या चिकट पुड्या टाकू नका हो. जेल का काय ते. गुरं चघळतात.

पळपुट्या (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. (अंगठा ठीक, इंजेक्शन घेतलं.) जे झालं ते सांगतो.

मार्शलकाकांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री फोटो शोधले. बिबचे शेवटचे तीन आकडे लक्षात होते, हातातच आला होता ना तो. आधी चार-पाच भलतेच लोक निघाले, मग सापडला. गॉगल, स्लीव्ह, सगळं तेच. एका फोटोत मागे धुक्यात मीही आहे, दोन्ही हात हवेत, रस्त्याच्या अगदी मधोमध. अवंती, तुम्ही बघितलात तर हसाल.

मग निकालाच्या पानावर तो नंबर टाकला. वेळ १:५२. नाव एका बाईंचं. वयोगट ३१ ते ४०, महिला, क्रमांक दुसरा.

दोनदा बघितलं. मग आठवलं. बक्षीस समारंभात ते नाव तीनदा पुकारलं होतं. कोणी आलंच नाही, ट्रॉफी टेबलावर तशीच राहिली. मी ताईंच्या गुडघ्याला बर्फ लावत बसलो होतो. वाटलं होतं, बाई लवकर घरी गेल्या असतील.

अवंती_प

थांबा थांबा. म्हणजे तिसरी आली ती खरी दुसरी, आणि चौथी आलेली मुलगी पोडियमवर हवी होती. तिला कळलंय का हे?

निवृत्त_मार्शल

ईमेलमध्ये हे आधी लिहा, कोपर नंतर. कोपराबद्दल ते 'बघतो' म्हणतील. निकाल चुकीचा आहे म्हटल्यावर त्यांना बसून बघावंच लागेल. फोटो जोडा. आणि तुमच्या हातून झालं तेही लिहून टाका, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं.

पळपुट्या (धागाकर्ता)

आज दुपारी पाठवलं. फोटो, निकालाच्या पानाचं चित्र, चौथ्या क्रमांकाचं नाव, नवव्या किलोमीटरची हकिगत. मी रस्त्याच्या मध्यावर होतो हे आणि पिनेचं प्रकरण, दोन्ही लिहिलं. तीन वेळा खोडलं, पण शेवटी ठेवलं. उत्तर आलं की इथे टाकतो.

ताईंना फोन करून सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण माझी बाटली? स्टीलची होती, सुनेने दिलेली. तेवढी कठड्याखाली कुठेतरी असेल बघ."

गावाकडची_वैशाली

घाटाचं नाव नका सांगू, वळण कसं आहे तेवढं सांगा. आमचाच घाट असला तर आमची पोरं गुरांमागे त्या उतारावर जातात. बघायला सांगते.

पळपुट्या (धागाकर्ता)

मोठं वडाचं झाड, त्याच्या पुढे कठड्याला पांढरा चुना मारलेला आहे आणि एक दगड निखळलाय. बाटलीवर निळी पट्टी.